छायाचित्रावरून स्थलनिश्चिती : लाखनी परिसराच्या आधारे काही विवेचन

प्रवासात घेतलेले, परंतु स्थळकाळाची कोणतीही नोंद नसलेले छायाचित्र समोर ठेवून ते कोठले असावे हे ओळखण्याचा खेळ अलीकडे पुष्कळांच्या आवडीचा झाला आहे. करमणूक म्हणून त्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. तथापि ज्या पद्धतीने हा खेळ खेळावयाचा ती पद्धती भूगोल आणि प्राणिशास्त्र ह्या दोन्ही शास्त्रांत एका गंभीर कामासाठी वापरावी लागते, ही गोष्ट खेळणाऱ्यांच्या आणि कित्येकदा अभ्यासकांच्याही ध्यानात येत नाही. एखादा पक्षी, एखादा तलाव, एखादे वन अमुक साली अमुक ठिकाणी होते, एवढे विधान जरी करावयाचे म्हटले तरी छायाचित्राचा पुरावा ग्राह्य धरण्यापूर्वी त्याचे ठिकाण सिद्ध करावे लागते. ते कसे करावे, आणि त्यात कोणत्या खुणांवर किती भार टाकावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्यातील लाखनी ह्या गावाच्या परिसराच्या आधारे केला आहे.

लाखनीच का, असा प्रश्न वाचक विचारतील. भंडारा आणि साकोली ह्यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसलेले हे तालुक्याचे गाव प्रवाशांचे मुक्कामाचे स्थान म्हणून प्रसिद्ध नाही. नागपूरहून रायपूरकडे जाणारा प्रवासी येथून मोटार न थांबवता पुढे जातो, आणि वाटेत खिडकीतून एखाददुसरे छायाचित्र घेतो. नेमकी अशीच छायाचित्रे पुढे बेवारस होतात. गेटवे ऑफ इंडियाच्या छायाचित्रास नावाची गरज नसते. लाखनीच्या रानातील तलावास मात्र ती असते.

कल्पनेने असे एक छायाचित्र समोर ठेवू. पुढे पाण्याने भरलेली भातखाचरे आहेत, मध्यभागी करड्या रंगाच्या, लाल मानेच्या उंच पक्ष्यांची जोडी उभी आहे, तिच्यामागे सरळ रेषेत गेलेला मातीचा बांध, बांधावर काही झाडे, आणि अगदी मागे एक बुटकी, झाडीने झाकलेली टेकडी. नवशिक्याचे लक्ष प्रथम पक्ष्यांकडे जाते. ते स्वाभाविक आहे. छायाचित्र घेणाऱ्याचेही लक्ष तेथेच होते. परंतु स्थलनिश्चितीच्या दृष्टीने चित्राचे वाचन मागून पुढे करावे, म्हणजे आधी टेकडी, मग बांध, मग झाडे आणि सर्वांत शेवटी पक्षी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जी वस्तू जागची हलत नाही तिची साक्ष अधिक मोलाची. त्यातही जी वस्तू छायाचित्रकाराने हेतुपूर्वक टिपलेली नाही, जी केवळ चौकटीत सापडली म्हणून आली, तिच्या साक्षीत कोणाची इच्छा मिसळलेली नसते.

टेकडीपासून आरंभ करू. महाराष्ट्राचा फार मोठा भाग दख्खनच्या काळ्या अग्निजन्य खडकाने व्यापलेला आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनलेल्या त्या प्रदेशात डोंगरांना सपाट माथे असतात आणि उतारावर पायऱ्या दिसतात. सह्याद्रीपासून अजिंठ्याच्या रांगेपर्यंत ही ठेवण कायम आहे. नागपूरच्या आसपास हा खडक संपतो. त्याच्या पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यात त्याहून कितीतरी पुरातन असे रूपांतरित खडक उघडे पडतात. भूशास्त्रज्ञ ज्यांना साकोली समूह म्हणतात ते खडक लाखनीच्या शेजारच्या साकोलीचेच नाव धारण करतात. मँगनीज, कायनाइट, सिलिमनाइट ही खनिजे ह्या जिल्ह्यात सापडतात ती ह्या जुन्या खडकांमुळेच. येथील टेकड्या लांबट, बुटक्या आणि झिजून गोलसर झालेल्या असतात. पायऱ्या आणि सपाट माथे त्यांच्यात शोधून सापडत नाहीत. म्हणून क्षितिजावरील केवळ एका रेषेवरून छायाचित्र नागपूरच्या पश्चिमेचे की पूर्वेचे, ह्याचा निवाडा पुष्कळदा करता येतो. जमिनीचा रंगही ह्याच गोष्टीस दुजोरा देतो. वऱ्हाडातील काळी कापसाची माती येथे मागे पडते, आणि स्थानिक शेतकरी जिला सिहार म्हणतात ती पिवळसर, धानास मानवणारी जमीन दिसू लागते.

आता बांधाकडे येऊ. ह्या परिसराची खरी ओळख पटविणारी खूण हीच आहे, आणि तिचे वर्णन थोडे विस्ताराने करणे आवश्यक आहे. भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, हे दोन्ही जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. उथळ खोलगट जागेच्या तोंडाशी मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवावयाचे आणि ते पाळीखालच्या शेतांना द्यावयाचे, ही येथील जुनी विद्या. तीत कोहळी समाजाचे कौशल्य विशेष मानले जाते. नवेगाव येथील विस्तीर्ण बांधाचे श्रेयही परंपरा कोलू पाटील कोहळी ह्यांना देते. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० सालच्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली तेव्हा भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. तलावांना मात्र 'माजी मालगुजारी' हे विशेषण चिकटून राहिले. त्याचाच संक्षेप करून लोक आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, आणि बाहेरचा मनुष्य हा कोणाचा मामा म्हणून बुचकळ्यात पडतो. मोठ्या तलावाखेरीज शेताच्या वरच्या अंगास एखादी लहान 'बोडी' असते, ती वेगळीच.

ह्या रचनेस एक क्रम आहे. वर रान, त्याच्या पायथ्याशी तलाव, तलावाला पाळ आणि पाळीखाली पायरीपायरीने उतरत गेलेल्या बांध्या. बांधी म्हणजे धुऱ्यांनी वेढलेले धानाचे खाचर. धुऱ्यावर पुष्कळदा तूर लावलेली असते. म्हणजे चित्रात जर पाण्याने भरलेल्या चौकोनांच्या कडेने तुरीची झुडपे उभी असतील तर ती गोष्ट निरर्थक समजू नये. शेताच्या बाजूने पाहिले असता पाळ ही सपाट माथ्याची एक ठेंगणी टेकडीच वाटते, आणि दख्खनच्या पठाराची आठवण होऊन पाहणारा फसतो. अशा वेळी तिची उंची शेजारच्या झाडाशी ताडून पाहावी. झाडे पाळीहून उंच असतील तर ती टेकडी मनुष्याने बांधलेली आहे.

येथे तुलना अपरिहार्य होते, कारण भात काही एकट्या भंडाऱ्यात पिकत नाही. कोकणात भाताची शेते उतारावर आणि दऱ्यांच्या तळाशी असतात, माती जांभ्याची तांबडी असते, आणि नारळ अथवा माड नसलेली चौकट मिळणे कठीण. तेलंगणात जुन्या राजवटींनी बांधलेले तलाव आहेत, पाळी आहेत, खाली भातही आहे. पण तेथील टेकड्या ग्रॅनाइटच्या, म्हणजे एकावर एक रचून ठेवल्यासारख्या वाटणाऱ्या गोल धोंड्यांच्या, आणि मधून मधून ताडांची रांग. सर्वांत अवघड प्रश्न छत्तीसगडचा. तेथेही तळी आहेत, बांध्या आहेत, घरांवर तसेच देशी कवेलू आहेत. रायपूरच्या बाजूचे मैदान मात्र दूरवर सपाट पसरलेले आहे. भाताच्या लगेच मागे रानाने झाकलेली टेकडी उभी राहणे हे साकोली-लाखनीकडचे दृश्य. तरीही ही सीमा राजकीय नकाशातील रेषेप्रमाणे आखीव नाही, आणि एवढ्याच पुराव्यावर पैज लावू नये.

ऋतूची ओळखही ह्या शेतांतूनच होते. पावसाळ्याच्या आरंभी पऱ्ह्यांचे गर्द हिरवे तुकडे दिसतात, मग रोवणी होते, दिवाळीच्या सुमारास धान पिवळे पडते. कापणीनंतर त्याच ओलीवर लाखोळी उगवून आलेली असते, आणि हिवाळ्यात धसकटांच्या मधून तिची निळसर फुले दिसतात. मात्र जेथे कालव्याचे पाणी पोचले आहे तेथे उन्हाळी धान घेतले जाते. म्हणून हिरवी बांधी दिसली की पावसाळाच, असा निष्कर्ष काढणे आता धोक्याचे झाले आहे. शेजारी पळस फुललेला आणि बांधीत धान हिरवे, असे चित्र चाळीस वर्षांपूर्वीच्या अभ्यासकास कदाचित बनावट वाटले असते. आज ते फाल्गुनातील साधे दृश्य आहे.

सावलीचा पुरावा फारसे कोणी वापरत नाही, ह्याचे आश्चर्य वाटते. लाखनी सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेस साडेतेवीस अंशांपर्यंत गेलेला असतो. त्या दिवशी मध्यान्ही लाखनीस सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, आणि त्यामुळे उभ्या खांबाची सावली जवळजवळ खांबाएवढीच पडते. त्याच क्षणी दिल्लीस ती खांबाच्या सव्वापट असते आणि कन्याकुमारीस सुमारे तीनपंचमांश. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास लाखनीस मध्यान्ही सावली पायाखाली नाहीशी होते. ह्या दोन तारखांच्या मधल्या काळात तर ती किंचित दक्षिणेकडे पडते, जे दिल्लीस कधीही घडत नाही. घेतल्याची वेळ ठाऊक असेल तर रेखांशाचाही अदमास करता येतो. लाखनीचा खरा मध्यान्ह मुंबईच्या मध्यान्हाच्या सुमारे २८ मिनिटे आधी होतो. हे गणित शाळकरी मुलासही जमण्यासारखे आहे. अडचण एवढीच की जमीन सपाट, खांब सरळ आणि दिशा निश्चित हवी. ह्या तिन्ही गोष्टी एका चौकटीत क्वचितच सापडतात.

वनस्पतींपैकी एकच प्रश्न येथे महत्त्वाचा मानतो : रान सागाचे की सालाचे? नागझिरा, नवेगाव, कोका ही लाखनीच्या आसपासची वने साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, बांबू अशा मिश्र पानगळीच्या जातीची आहेत. सालाचे सलग वन पाहावयाचे तर मध्यप्रदेशात कान्ह्याकडे अथवा पूर्वेस छत्तीसगडात जावे लागते; अगदी पूर्व सीमेवरील तुरळक जागा सोडल्यास महाराष्ट्रात ते जवळजवळ नाहीच. एप्रिलच्या छायाचित्रात सागाचे रान उघडेबोडके दिसते, साल मात्र पूर्णपणे निष्पर्ण कधीच होत नाही. 'नागझिऱ्याचा वाघ' म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या एखाद्या चित्रात वाघामागे चैत्रातही गर्द, सरळसोट सालाची भिंत उभी असेल, तर वाघाबद्दल बोलण्यापूर्वी नावाबद्दल शंका घ्यावी. तलावाच्या काठी दाटलेली बेशरमाची झुडपे मात्र काहीही सिद्ध करीत नाहीत. ती परदेशातून आली आणि सर्वत्र माजली.

आता प्राण्यांकडे वळण्यास हरकत नाही. प्राणी क्षेत्र सांगतो, स्थान सांगत नाही. हे सूत्र लक्षात ठेवल्यास त्याची साक्षही उपयोगी पडते. वानराचे उदाहरण घ्या. काळ्या तोंडाचे वानर भारतात बहुतेक सर्वत्र आढळते, म्हणून त्याच्या छायाचित्राकडे कोणी पुरावा म्हणून पाहत नाही. परंतु उत्तरेकडील वानर चालताना शेपटीची कमान पाठीवरून डोक्याकडे वळवते, तर दक्षिणेकडील वानराची शेपटी मागच्या बाजूस वाकलेली असते. प्राणिशास्त्रज्ञ मि. ला. रूणवाल यांनी ह्या भेदाचा अभ्यास केला असून दोहोंमधील सीमा साधारणतः तापी आणि गोदावरी ह्या नद्यांच्या रेषेने जाते. लाखनी त्या रेषेच्या उत्तरेस येते. तेव्हा लाखनीच्या म्हणून दाखविलेल्या चित्रात वानराची शेपटी मागे लोंबत असेल तर विचार करावा. लाल तोंडाच्या माकडांतही असाच भेद आहे : आखूड शेपटीचे उत्तरेचे, आणि डोक्यावर केसांची टोपी असलेले लांब शेपटीचे दक्षिणेचे. मात्र उत्तरेचे माकड दक्षिणेकडे सरकत असल्याने ही सीमा स्थिर राहिलेली नाही. खारीच्या पाठीवरचे पट्टे तीन की पाच, हेही मोजावे. पण द्वीपकल्पाच्या बऱ्याच भागात दोन्ही जाती एकत्र राहतात, म्हणून त्या मोजणीस फारसे वजन देऊ नये.

आपल्या कल्पित छायाचित्रातील जोडी सारसांची आहे, हे वाचकांनी ओळखलेच असेल. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला हा क्रौंचकुलातील पक्षी आज महाराष्ट्रात नियमितपणे राहतो तो मुख्यतः गोंदिया आणि भंडारा ह्या दोन जिल्ह्यांत, आणि येथेही तो तुरळकच आहे. छायाचित्र महाराष्ट्रातील आहे एवढे निश्चितपणे ठाऊक असेल तर सारस दिसताच आपण वैनगंगेच्या खोऱ्यात येऊन पोचतो. पण ते ठाऊक नसेल तर? उत्तर प्रदेशातील इटावा-मैनपुरीकडे सारस आहेत, गुजरातेत खेडा जिल्ह्यात आहेत, आणि दोन्हीकडे भातशेतीही आहे. केवळ 'भातात सारस' एवढ्यावरून तीन दूरदूरचे प्रदेश सारखेच संभवनीय ठरतात. त्यांच्यातील निवड करते ती मागची बुटकी टेकडी. खेडा आणि मैनपुरी ही गाळाची सपाट मैदाने. तेथे भाताच्या मागे रानाने झाकलेला उंचवटा येणार कोठून? जी टेकडी पाहणाऱ्याने प्रथम ओलांडून टाकली तिनेच शेवटी निवाडा दिला.

वाघाची गोष्ट निराळी. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना दुसऱ्या कोणत्याही वाघाशी जुळत नाही, आणि ह्या गुणाचा उपयोग करून आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांनी वाघ मोजण्याची पद्धत उल्हास कारंत यांनी नागरहोळे येथे रूढ केली. तिचे विवेचन त्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केले. त्यामुळे वाघाचे छायाचित्र आपली व्यक्तिगत ओळख स्वतःबरोबर घेऊन येते. पण ओळख म्हणजे पत्ता नव्हे. नागझिऱ्यात वाढलेला 'जय' नावाचा वाघ २०१३ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात प्रकट झाला, आणि २०१६ च्या एप्रिलनंतर तो दिसेनासा झाला. नागझिरा महामार्गाच्या उत्तरेस आहे, उमरेड-कऱ्हांडला दक्षिणेस आणि वैनगंगेच्या पलीकडे. तेव्हा त्याने हा रस्ता आणि ती नदी कोठेतरी ओलांडलीच असली पाहिजे. एकाच वाघाची दोन छायाचित्रे, दोन्ही अस्सल, आणि दोन्हींची ठिकाणे वेगळी. मे २०२३ मध्ये तर चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडण्यात आल्या. त्यांच्या पट्ट्यांवरून ठिकाण सांगावयाचे तर छायाचित्राची तारीख आधी ठाऊक हवी. बारशिंग्याचेही असेच झाले. कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा म्हणजे कान्हा, असे समीकरण दीर्घ काळ निरपवाद होते. २०१५ पासून तो सातपुड्यातही नेऊन सोडण्यात आला, आणि खुणेची किंमत उतरली. खुणांनाही वय असते.

माणसाच्या हातच्या खुणा, म्हणजे पाट्या, मैलाचे दगड, वाहनांचे क्रमांक, ह्या सर्वांत सोप्या. म्हणून त्यांचा विस्तार करीत नाही. भंडारा जिल्ह्यातील वाहनावर एमएच ३६ असते, पण महामार्गावर बंगालपासून गुजरातेपर्यंतची वाहने धावतात. भिंतीवरील झाडीपट्टीच्या नाटकाची जाहिरात ही अधिक विश्वसनीय साक्षीदार, कारण ती मंडळी दिवाळीनंतरच्या मोसमात ह्या चार जिल्ह्यांतच मुख्यत्वे फिरतात. अक्षरे उलटी दिसली किंवा मोटारी उजव्या बाजूने चाललेल्या दिसल्या तर परदेश कल्पिण्यापूर्वी चित्र उलटे छापलेले नाही ना, ते पाहावे.

हे सर्व काम आता यंत्रे करू लागली आहेत, मग माणसाने का शिणावे, असा आक्षेप येईल. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी 'प्लॅनेट' नावाची एक संगणक-पद्धती प्रसिद्ध केली. तीत पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे २६ हजार खणांत विभागून छायाचित्र कोणत्या खणातले असावे हे यंत्राने सांगावयाचे होते. हे खण सारख्या आकाराचे नव्हते. जेथली छायाचित्रे विपुल तेथे खण बारीक, आणि जेथली विरळ तेथे खण मोठे. पॅरिसच्या रस्त्यांचे बारीक तुकडे झाले. ज्या भूभागाची छायाचित्रेच थोडी, तो सगळा एका ओबडधोबड खणात पडला. त्यानंतर यंत्रांची प्रगती झपाट्याने झाली आहे हे मान्य करूनही मूळ अडचण तीच राहते. यंत्र जे पाहते तेच शिकते, आणि प्रवाशाने ज्या गावी गाडी थांबवली नाही ते गाव त्याने पाहिलेले नसते. लाखनीच्या बांध्या आणि दुर्गकडच्या बांध्या ह्यांच्यातील फरक सांगावयास अद्याप तेथे चाललेला मनुष्य लागतो.

चुकीच्या ठिकाणाची किंमत किती पडते, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण छायाचित्राचे नसून पेंढा भरलेल्या पक्ष्याचे आहे. पण वस्तूवर चिकटविलेली स्थळाची चिठ्ठी दोहोंतही एकाच योग्यतेची असते. योगायोग असा की त्या कथेतील स्थळे लाखनीवरून जाणाऱ्या महामार्गाच्या आसपासच विखुरली आहेत. ह्या मार्गाने पूर्वेस रायपूर ओलांडून पुढे गेले की बसना लागते. त्याच्या आसमंतात, बसना-फुलझर भागात, १८७२ साली ब्लुइट ह्या अधिकाऱ्यास एक लहान घुबड मिळाले, आणि १८७३ साली ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हाच रानपिंगळा. पुढे जेम्स डेव्हिडसनने खानदेशात त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतरचा एकही खात्रीचा नमुना नव्हता, अपवाद एकच : कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगनने १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळविल्याचे सांगितलेला एक पक्षी. माइनर्ट्झहेगनचे नाव मोठे होते. त्याच्या चिठ्ठीवर कोणी संशय घेतला नाही, आणि मांडवी हे ह्या पक्ष्याच्या शेवटच्या ज्ञात वस्तीचे ठिकाण म्हणून ग्रंथांत नोंदले गेले.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर ह्या दोघांनी ह्या नमुन्याची तपासणी केली. क्ष-किरणांनी पाहता आतली कारागिरी माइनर्ट्झहेगनची नसून डेव्हिडसनची असल्याचे दिसून आले. खानदेशातील जुना नमुना संग्रहालयातून उचलून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. १९१४ ची नोंद बाद होताच शोधाचा नकाशा बदलला. मांडवीकडे न जाता जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्यांवरील ठिकाणे पाहावयाची ठरली, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ह्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. शंभराहून अधिक वर्षे त्याची खात्रीची नोंद झालेली नव्हती. पुढे मेळघाटातही त्याची वस्ती आढळली. एका खोट्या स्थळनामाने पक्षी मेला नाही, हे खरे. पण लोक त्यास चुकीच्या जागी शोधत राहिले, आणि न सापडल्यामुळे तो नाहीच असे समजू लागले. मध्यंतरीच्या काळात त्याचे रान राखावे असे कोणास वाटण्याचे कारणच उरले नव्हते.

छायाचित्राच्या बाबतीतही अशी फसवणूक झालेली आहे. २००७ साली चीनच्या शान्शी प्रांतात एका शेतकऱ्याने रानटी वाघाची छायाचित्रे सादर केली आणि प्रांताच्या वनखात्याने ती खरी म्हणून जाहीर केली. शंका उपस्थित झाली ती वाघावरून नव्हे. वाघाभोवतीची पाने त्याच्या आकाराच्या मानाने अवाजवी मोठी आहेत, असे आक्षेप घेतले गेले. अखेर तो वाघ नववर्षाच्या एका छापील चित्रातला निघाला, आणि २००८ मध्ये प्रकरण बनावट ठरले. ज्याकडे कोणी पाहणार नाही असे वाटले होते, त्या पानांनीच साक्ष दिली.

लाखनीपुरते बोलावयाचे तर येथील धोका लबाडीचा कमी आणि निष्काळजीपणाचा अधिक आहे. मामा तलावांपैकी पुष्कळ गाळाने भरत आहेत, काहींच्या पोटात अतिक्रमणे झाली आहेत. एखाद्या घरातील जुन्या पेटीत पन्नास वर्षांपूर्वीचे तलावाचे छायाचित्र निघाले आणि त्यावरून तलाव कोणता हे ठरविता आले, तर त्या वेळची पाण्याची कड, पाळीवरची झाडे, पाळीखालील बांध्या ह्यांची आजच्या स्थितीशी तुलना करता येते. नाव नसेल तर ते केवळ एक सुंदर चित्र. अशा वेळी भारतीय सर्वेक्षण विभागाचे ५५ ओ ह्या क्रमांकातील नकाशे जवळ घ्यावे, टेकडीची रेषा आणि पाळीचे वळण त्यांवर जुळवावे, उपग्रहाने घेतलेल्या चित्रात तलावाचा आकार तपासावा, आणि मग प्रत्यक्ष पाळीवर जाऊन छायाचित्रकार जेथे उभा असेल ती जागा शोधावी. तेथे उभे राहिल्याशिवाय निश्चिती झाली असे म्हणू नये. गावातील वयोवृद्ध शेतकरी आणि त्या पाण्यात मासे धरणारे व शिंगाडे लावणारे ढीमर ह्यांना चित्र दाखविणे हा ह्या सर्वांहून जवळचा मार्ग आहे, आणि तो वापरण्यात कमीपणा मानू नये. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी नवेगाव परिसरातील पक्ष्यांसंबंधी जे लिहिले त्यात स्थानिक लोकांच्या माहितीचा वाटा किती मोठा होता, हे त्यांच्या वाचकांस ठाऊक आहे.

एक गोष्ट राहिली. वर सांगितलेल्या पद्धतीने जर आपण अनोळखी छायाचित्राचे ठिकाण शोधू शकतो, तर ते दुसराही कोणी शोधू शकतो. सारस पावसाळ्यात बांधीत किंवा तलावाच्या उथळ पाण्यात घरटे करतो. जोडी बहुधा दोनच अंडी घालते, आणि माणसांची गर्दी झाली तर घरटे सोडून जाण्याची भीती असते. हल्लीच्या दूरध्वनीयंत्रांनी घेतलेल्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, आणि चित्र जसेच्या तसे पाठविल्यास ते आकडेही त्याच्याबरोबर जातात. यास्तव नोंदीच्या दोन प्रती कराव्या. अभ्यासासाठी ठेवावयाच्या प्रतीवर गाव, तलावाचे नाव, तारीख, वेळ, कॅमेऱ्याची दिशा आणि उभे राहण्याची जागा ही सर्व माहिती त्याच दिवशी लिहावी. लोकांस दाखवावयाच्या प्रतीतून आकडे काढून टाकावे, मागची टेकडी चौकटीबाहेर ठेवावी, आणि चित्राखाली तालुक्याच्या नावापाशीच थांबावे.